बातमीदार व्हायला तोंडाळ असावं लागतं का?

"मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पत्रकार व्हायचंय. घरात हे बोलल्यापासून रोज नवा सल्ला मिळतोय. मामा म्हणतात, पत्रकार तोंडाळ हवा, तुझ्या तोंडून तर चार माणसांत शब्द फुटत नाही. ते खोटं नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा तर काय काय विचारायचं ते मी आधी कागदावर लिहून काढते, आणि तरी नंबर लावून पुन्हा कट करते. भाषा बरी आहे, निबंधांना बक्षिसं मिळाली आहेत. आई म्हणते, बक्षिसांवर पोट भरत नाही. मैत्रीण म्हणते, आता बातम्या एआयच लिहिणार, तू कशाला त्यात पडतेस? पत्रकारितेचा कोर्स करावा की थेट कुठेतरी कामाला लागावं, हेही ठरत नाही. या कामाला नेमके कोणते गुण लागतात? ते माझ्यात नसतील तर शिकून येतात का?
— अबोल"

प्रिय अबोल,

मामांचा फार दोष नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा पत्रकार असणार. हातात माइक, चढा आवाज, समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारा. तो या धंद्याचा दर्शनी भाग झाला. आत वेगळीच माणसं बसलेली असतात. कोणी जुने अहवाल चाळत असतं, कोणी सकाळपासून त्याच कार्यालयात पुन्हा पुन्हा फोन लावत असतं, कोणी कॉपीतल्या, म्हणजे बातमीच्या मजकुरातल्या, आडनावाची वेलांटी पहिली की दुसरी यावर अडून बसलेलं असतं. त्यांतल्या कित्येकांना चारचौघांत गप्पा मारायला सांगितलं तर घाम फुटेल.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निबंधाची बक्षिसं नव्हे. फोन करण्याआधी तू प्रश्न लिहून काढतेस, ती. मुरलेले बातमीदारही याचा कंटाळा करतात आणि फोन ठेवल्यावर त्यांना आठवतं की जखमीचं वय विचारायचं राहिलंच.

अमेरिकेत आय. एफ. स्टोन नावाचे एक पत्रकार होते. त्यांना ऐकू कमी यायचं. १९५३ ते १९७१ त्यांनी स्वतःचं एक छोटं पत्र चालवलं. पुढाऱ्यांच्या गोतावळ्यात ऊठबस करून बातम्या काढणाऱ्यांतले ते नव्हते; त्यांचा सगळा भर छापील कागदांवर. सरकारी अहवाल, समित्यांच्या सुनावण्यांची इतिवृत्तं, वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरचे चार ओळींचे तुकडे. १९५७ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली अणुचाचणी केली. तेव्हा चाचणीबंदीच्या करारावरून वाद पेटलेला होता. करार नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की जमिनीखालची चाचणी दुसऱ्या देशाला कळतच नाही, मग करार पाळला जातोय हे तपासणार कसं? चाचणीच्या बातमीच्या शेपटाला जोडलेल्या तुकड्यांत स्टोन यांना दिसलं, की पार दूरच्या देशांतल्या भूकंपमापकांवर हादरा नोंदला गेल्याचं तिथे म्हटलंय. त्यांनी कात्रण काढून ठेवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जाहीर केलं, हादरा २०० मैलांपलीकडे कुठे नोंदला गेला नाही. स्टोन यांनी ते कात्रण काढलं आणि सरकारच्याच भूकंपशास्त्रज्ञांना गाठलं. त्यांच्या नोंदवहीत अलास्कातल्या फेअरबँक्सपर्यंत, म्हणजे सुमारे २,३०० मैलांवर, हादरा पोचलेला होता. आयोगाला आपला आकडा सुधारावा लागला.

यात कुठेही आरडाओरड नाही. सगळे जिथे वाचायचं सोडतात तिथे पुढे वाचणं आहे, न पटलेली गोष्ट महिनोन्महिने डोक्यात ठेवणं आहे, आणि योग्य माणसाला जाऊन एक साधा प्रश्न विचारणं आहे. मात्र ते शेवटचं टळत नाही. कागद कितीही वाचलेस तरी कधीतरी जिवंत माणसाला विचारावंच लागतं. त्यामुळे लाजरी असलीस तर खुशाल अस, पण 'मी लाजरी आहे म्हणून फोन केला नाही' हे कारण डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकांकडे, कोणी ऐकून घेणार नाही.

फोनची भीती जाते. पूर्ण जात नसेल, पण कामापुरती जाते. सुरुवातीची दोन वाक्यं कायमची पाठ करून टाक: मी कोण, कुठून बोलतेय, कशावर बातमी करतेय. ती तोंडातून बाहेर पडली की पुढचं बरंचसं समोरचा बोलतो. आणि इथे तुझ्यासारख्यांना एक फायदा आहे, जो मामांना ठाऊक नाही. बोलक्या माणसाला शांतता सहन होत नाही. त्याने प्रश्न विचारला, तिकडून अर्धवट उत्तर आलं, की हा लगेच पुढचा प्रश्न टाकतो किंवा वाईट म्हणजे उत्तर स्वतःच पुरवतो: "म्हणजे तुम्हाला आधीच कल्पना होती, असंच ना?" समोरचा "हं" म्हणतो आणि त्या 'हं'ची बातमी होते. तू मात्र गप्प राहा. लिहीत राहा. दोन-तीन क्षण जाऊ देत. लोक ती पोकळी भरायला बोलतात, आणि बऱ्याचदा तेच नेमकं सांगण्यासारखं असतं. शेवटी दोन प्रश्न ठेव: "मी विचारलं नाही पण विचारायला हवं होतं असं काही आहे का?" आणि "यावर आणखी कोणाशी बोलू?" दुसऱ्या प्रश्नातून जेवढ्या बातम्या निघतात तेवढ्या पत्रकार परिषदांतून निघत नाहीत. फोन ठेवण्याआधी नाव, हुद्दा, आकडे पुन्हा वाचून दाखव. त्यात कमीपणा काही नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न: नेमके कोणते गुण लागतात. अशा प्रश्नाला उत्तर म्हणून लांबलचक यादी द्यायची पद्धत आहे. जिज्ञासा, चिकाटी, धैर्य, संवेदनशीलता, समयसूचकता, वगैरे. यादी चूक नाही, पण हेच गुण चांगल्या डॉक्टरलाही लागतात आणि चांगल्या चोरालाही. पत्रकाराला सगळ्यांपेक्षा वेगळी अशी एकच खोड लागते, आणि ती नसेल तर बाकीचे गुण वाया जातात. 'हे तुला कसं कळलं?' हा प्रश्न दुसऱ्याला, आणि त्याहून जास्त स्वतःला, विचारत राहण्याची खोड.

डेस्कवर रोज घडणारा एक संवाद दाखवतो. नवा बातमीदार धापा टाकत येऊन कॉपी देतो: 'शॉर्टसर्किटमुळे गोदामाला आग, लाखोंचे नुकसान'. वरिष्ठ उपसंपादक वाचतो आणि मान वर न करता विचारतो,

"शॉर्टसर्किट कोणी सांगितलं?"

"तिथे सगळेच म्हणत होते."

"सगळे म्हणजे कोण?"

"जमलेले लोक. आणि अग्निशमन दलाचा एक जण."

"त्याने तपासलं होतं, की त्यालाही लोकांनीच सांगितलं?"

"तो म्हणाला, बहुतेक शॉर्टसर्किट असावं."

"मग 'बहुतेक' आणि 'असावं' कॉपीतून गेलं कुठे? बरं, लाखोंचं नुकसान?"

"मालक म्हणाला."

"मालकाचा विमा आहे का?"

बातमीदार गप्प.

तो शेवटचा प्रश्न नीट बघ. मालक खोटारडा आहे असं उपसंपादक सुचवत नाहीये. कदाचित नुकसान खरंच तेवढं असेल. पण सांगणारा कोण, त्याला हे कुठून माहीत आणि तसं सांगण्यात त्याचा काही लाभ आहे का, एवढं कळल्याशिवाय ते वाक्य छापायला तयार होत नाही. बातमी शेवटी काय होते? 'गोदामाला आग, कारणाचा तपास सुरू', आणि खाली 'नुकसान काही लाखांचे असल्याचा मालकाचा दावा'. मथळा फिका पडतो. नव्या मुलांना याचं फार वाईट वाटतं. दहा वेळा वाईट वाटलं की अकराव्या वेळी ते गोदामाच्या दारातच विचारतात, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" तिथून पुढे ते बातमीदार.

खुंटा हलवून बघायची ही सवय कसलेल्यांनाही कधी दगा देते. वॉटरगेट प्रकरण तुला माहीत असेलच: विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीपासून सुरू होऊन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या राजीनाम्यापर्यंत गेलेलं. १९७२ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन पोस्टच्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी बातमी दिली, की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे उजवे हात हॉल्डमन यांचा गुप्त निधीवर ताबा होता, आणि निवडणूक समितीचे खजिनदार ह्यू स्लोन यांनी ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) तशी साक्ष दिली आहे. बातमी पक्की करायला बर्नस्टीन यांनी सरकारी न्याय विभागातल्या एका वकिलाला फोन केला. तो उघड बोलायला तयार नव्हता. मग बर्नस्टीन यांनी तोडगा काढला: मी दहापर्यंत आकडे मोजतो, बातमीत घोटाळा असेल तर दहाच्या आत फोन ठेवून द्या, दहा झाले तरी तुम्ही लाइनवर असलात तर बातमी बरोबर समजतो. दहा झाले, वकील लाइनवर होता. बातमी छापली गेली. बातमी आली त्याच दिवशी स्लोन यांच्या वकिलाने सांगितलं, त्यांनी अशी साक्ष दिलेलीच नाही. फोनवरच्या वकिलाने सूचना उलटी समजून घेतली होती.

गंमत पुढेच आहे. हॉल्डमन यांच्या निधीवरच्या ताब्याचा मुद्दा मुळात खरा होता. स्लोन यांना ग्रँड ज्युरीने तो प्रश्नच विचारला नव्हता, एवढंच. म्हणजे माहिती बरोबर, पण 'कसं कळलं'चं उत्तर चूक. तेवढ्या फटीतून व्हाइट हाउसने पेपरवर तोफ डागली. मी शिकाऊ मुलांना हा किस्सा आवर्जून सांगतो, कारण 'गोष्ट तर खरीच आहे ना' हा बचाव या धंद्यात चालत नाही. आणि जिथे सरळ 'हो' किंवा 'नाही' मिळायला हवं, तिथे चतुराईचे खेळ खेळू नयेत.

विज्ञानाची पदवी घेऊन या क्षेत्रात येतेय म्हणून तू संकोचली असशील, तर तो संकोच सोड. न्यूजरूममध्ये आकड्यांना घाबरणाऱ्यांची गर्दी आहे. समज, प्रेसनोट येते, 'अमुक आजाराच्या प्रमाणात ५० टक्के वाढ'. घाबरवणारा मथळा आयता तयार. तू विचारशील, कितीवरून किती? उत्तर येतं, हजारात दोन रुग्ण होते, आता तीन आहेत. ५० टक्के हिशेबाने बरोबरच. पण वाचकाला हजारातले दोन आणि तीन सांगायला हवेत. किंवा मतांचा वाटा २० टक्क्यांवरून २५ वर गेला, तर ती वाढ पाच टक्के नाही, पाच टक्केबिंदूंची. टक्क्यांत मोजायची तर ती २५ टक्के झाली. ही साधी गोष्ट रोज कुठे ना कुठे चुकीची छापून येते. ज्याला एक्सेलमध्ये दोन याद्या ताडून बघता येतात, त्याच्या हाती बातम्यांची खाण लागते. बॉस्टन ग्लोबच्या शोधपथकाने चर्चमधल्या बालकांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण २००२ च्या जानेवारीत बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या हाताशी असलेल्या कागदांत चर्चच्याच छापील वार्षिक सूच्या होत्या. कुठला धर्मगुरू कुठे नेमलेला आहे, कोण आजारी रजेवर आहे, एवढीच त्यात माहिती. पथकाने वर्षानुवर्षांच्या सूच्या घेऊन बसून नोंदी उतरवल्या आणि कोण अचानक रजेवर जातो, कोण सारखा बदलतो, हे शोधलं. कंटाळवाणं काम. पण चर्चने स्वतःच छापलेलं असल्यामुळे कोणाला नाकारताही येईना. अर्थात त्यांच्यापाशी न्यायालयातली कागदपत्रं होती, पीडितांशी झालेली बोलणी होती. सूच्यांनी त्याची व्याप्ती उघड केली.

कंटाळा सोसण्याची ताकद हा गुण कोणी यादीत घालत नाही, मी पहिल्या तिनांत घालेन.

भाषेचं मात्र तुला थोडं कडू सांगतो. निबंधाची भाषा दारात काढून ठेवावी लागेल. निबंधात आपण वाचकाला काय वाटावं ते सांगतो. बातमीत काय झालं ते सांगायचं असतं, वाटायचं काम वाचकाचं. अपघाताच्या बातम्या काढून बघ. 'काळाने घाला घातला', 'हृदय पिळवटून टाकणारी घटना', 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे'. या तिन्ही ओळी घटनास्थळी न जाता लिहिता येतात, आणि बऱ्याचदा तशाच लिहिलेल्या असतात. त्याऐवजी: 'चौघे जण पहाटे रेल्वे स्थानकाकडे निघाले होते. गाडी उभ्या ट्रकवर आदळली. मागच्या सीटवरची सात वर्षांची मुलगी वाचली.' भावना सांगणारं विशेषण एकही नाही, आणि कोणी हे वाचून कोरडं राहणार नाही. पण ही तीन वाक्यं लिहायला ते कुठे निघाले होते आणि मुलगी कुठे बसली होती, हे विचारून यावं लागतं. चांगली भाषा म्हणून जिचं कौतुक होतं, ती पुष्कळदा चांगली माहितीच असते. तुझी भाषा बरी आहे म्हणतेस, तर ती मथळ्यात आणि इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या ओळींत, कामाला येईल. बाकी ठिकाणी कात्री चालव.

भाषेच्याच अंगाने आणखी एक. ज्याची लेखणी गोड असते त्याला एक मोह कायम असतो. जर्मनीच्या डेर श्पीगल साप्ताहिकात क्लास रेलोटियस नावाचा तरुण पत्रकार होता. त्याची वृत्तकथनं इतकी देखणी, की पुरस्कारांचा ढीग लागला होता. २०१८ साली हुआन मोरेनो हा सहकारी त्याच्याबरोबर एका बातमीवर काम करत होता, त्याला काही तपशील खटकले. त्याने वरिष्ठांना सांगितलं. आधी त्यांना मोरेनोचाच संशय आला. मत्सर असेल म्हणून. मग मोरेनोने रेलोटियस ज्यांना भेटल्याचं लिहीत होता त्यांतल्या दोघांना अमेरिकेत जाऊन गाठलं. ते म्हणाले, या माणसाला आम्ही कधी भेटलोच नाही. त्या डिसेंबरात साप्ताहिकाने सगळं प्रकरण स्वतःच छापलं. माणसं, संवाद, प्रसंग, कित्येक मनाने रचलेले. रेलोटियसला गुण कमी होते असं कोणी म्हणणार नाही. पण कथनात जिथे भोक पडलंय तिथे 'हे मला कळलं नाही' असं लिहायची त्याला लाज वाटली असावी. मला या गोष्टीत मोरेनो जास्त लक्षात राहतो. कोणी विश्वास ठेवत नसताना, स्वतःची नोकरी धोक्यात घालून तो पुन्हा तोच प्रश्न विचारायला गेला.

संवेदनशीलतेबद्दल थोडं. तू हळवी असशील असा माझा अंदाज आहे. अबोल माणसं बहुधा असतात. मृताच्या घरी जाऊन "आता तुम्हाला कसं वाटतंय?" विचारणाऱ्यांपैकी तू होऊ नयेस. त्या घरात जायची वेळ येईल. दारात आपण कोण ते सांगायचं, नको म्हणाले तर मागे फिरायचं, बोलायला तयार असतील तर गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं, मरणाबद्दल नाही. पुष्कळ लोकांना बोलायचं असतं. पण हळवेपणाची दुसरी बाजूही आहे. २०१४ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराच्या आरोपावर मोठा लेख छापला. तक्रारदार विद्यार्थिनीला आणखी त्रास नको, या भावनेपोटी बातमीदार आणि संपादकांनी तिने सांगितलेलं पडताळून पाहण्यात हात आखडता घेतला. त्या रात्री तिला भेटलेल्या तीन मित्रांशी कोणी बोललंच नाही. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र छापली गेली. पुढे हकिगत टिकली नाही, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाचा चौकशी अहवाल आल्यावर मासिकाने लेख मागे घेतला. ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झाले आहेत त्या मुलींचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालं. दुःख सांगणाऱ्याशी मऊ बोलावं आणि त्याचं म्हणणं कडक तपासावं. हे दोन्ही एकाच माणसाला जमावं लागतं, आणि यात कोणीही पूर्ण तरबेज झालेलं मी पाहिलेलं नाही.

शब्द पाळणं हाही एक जुनाच गुण. कोणाला 'नाव बाहेर येणार नाही' म्हटलंस की ते येता कामा नये. वॉटरगेटच्या वेळी वुडवर्ड यांना माहिती पुरवणाऱ्या प्रसिद्ध गुप्त सूत्राचं नाव, एफबीआयचे मार्क फेल्ट, जगाला कळलं २००५ साली, तेही त्यांच्या बाजूनेच जाहीर झालं म्हणून. तीस वर्षांहून अधिक काळ वुडवर्ड यांनी ते फोडलं नाही. पण म्हणूनच असा शब्द ऊठसूट देऊ नकोस. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे काय, हे बोलणं सुरू होण्याआधी दोघांत स्पष्ट व्हायला हवं. सगळं बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणणाऱ्याशी वाद घालावा लागतो. आणि 'सूत्रांकडून समजते' या दोन शब्दांची सवय लावून घेऊ नकोस. त्यांच्या आड आळस फार लपतो.

घाई, दडपण, टीका हे चालायचंच. १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिकागो डेली ट्रिब्यूनने 'ड्यूईने ट्रुमनला हरवले' असा मथळा छापला आणि जिंकले ट्रुमन. छपाई कामगारांच्या संपामुळे पान छपाईला लवकर सोडावं लागलं होतं, निकाल यायचे होते, मग अंदाजावर विसंबले. ट्रुमन यांनी हसत हसत तो अंक हातात धरलेला फोटो अजून फिरतो. संपाचं कारण फोटोत दिसत नाही. डेडलाइन पाळायलाच हवी, पण जेवढं पक्कं आहे तेवढंच द्यावं; उरलेलं पुढच्या अंकात, हल्ली पुढच्या अपडेटमध्ये. आणि चूक झाली तर शुद्धिपत्र मुकाट्याने, लगेच, चुकीइतकंच ठळक.

मैत्रिणीच्या मुद्द्याला टाळून चालणार नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या २०१४ पासूनच यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. आता प्रेसनोटची बातमी करणं, भाषांतर, मथळ्यांचे पर्याय ही कामं एआय चुटकीसरशी करतं. पूर्वी नवी मुलं हात बसवायला हीच कामं करायची, त्यामुळे आत शिरायचा दरवाजा अरुंद झालाय हे खरं आहे, आणि तुला कोणी गुलाबी चित्र दाखवलं तर विश्वास ठेवू नकोस. पण यंत्राला जे आधीच कुठेतरी लिहिलेलं आहे तेवढंच माहीत असतं. कोणीच लिहिलेलं नाही ते आणायला कोणाला तरी जावं लागतं. नुसतं बसून आलेल्या मजकुराला शेपूट-डोकं लावणारा पत्रकार व्हायचं असेल, तर तुझी मैत्रीण बरोबर आहे.

आईचं म्हणणंही बाजूला सारण्यासारखं नाही. सुरुवातीचा पगार थोडा असतो, वेळा विचित्र असतात, सुट्टीच्या दिवशी हमखास काहीतरी घडतं, आणि ताकदवान लोकांबद्दल लिहिलंस तर धमक्या आणि दावे येतात. अपघात, खून सतत बघून मनावर परिणाम होतो; ते कोणाशी तरी बोलावं, 'आपण घट्ट आहोत' असा आव आणू नये. त्यामुळे हाताशी दुसरं काहीतरी असू दे. तुझ्याकडे विज्ञान आहे. आरोग्य, पर्यावरण, तंत्रज्ञान या बीटवर (बातमीदाराला नेमून दिलेल्या विषयांवर) शोधनिबंध मुळातून वाचू शकणाऱ्या माणसाची किंमत राहते. पदवी अर्धवट सोडू नकोस.

कोर्सबद्दल माझं मत असं: नाही केलास तरी अडत नाही, केलास तर दोन गोष्टींसाठी कर. एक, कायदा. बदनामी, न्यायालयाचा अवमान, अल्पवयीनांची ओळख, लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांची ओळख, याबाबत काय छापता येतं आणि काय नाही, हे चुका करून शिकायचं प्रकरण नाही. दोन, प्रत्यक्ष न्यूजरूममधलं काम. इंटर्नशिप नसलेला कोर्स असेल तर ते पैसे वाचव. माहिती मागण्याच्या कायद्याची माहितीही करून घे. सरकारी कागद बघण्याचा हक्क देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला; आता कितीतरी देशांत तसे कायदे आहेत, आणि अर्ज करायला तोंडाळ असावं लागत नाही. नेमका कागद मागता यावा लागतो.

स्वतःला अजमावून बघायचं असेल तर नोकरीची वाट बघू नकोस. तुझ्या कॉलेजातलाच एखादा छोटा प्रश्न घे. ग्रंथालय ठरल्या वेळेआधी बंद होतं, प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण कित्येक महिने पडून आहे, असं काहीही. तीन माणसांशी बोल, त्यांतला एक तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूचा हवा. एक तरी कागद मिळव: वेळापत्रक, सूचना, खरेदीची नोंद. मग तीनशे शब्दांत लिही. लिहून झाल्यावर लाल पेन घे आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात लिही, हे मला कसं कळलं: पाहिलं, अमक्याने सांगितलं, कागदात आहे. ज्या वाक्यापुढे काही लिहिता येणार नाही ते खोड. पहिल्या वेळी निम्मी कॉपी जाईल. जाऊ दे, पुन्हा विचारायला जा. उपकरणाचं प्रकरण घेतलंस तर आधी भांडार सांभाळणाऱ्याला भेट, विभागप्रमुखांना नंतर. कागद कुठल्या कपाटात आहे ते त्यालाच माहीत असतं.